राहिलेली अर्धी फेरी

"नाही जमणार काकू," असं माधुरीने तिसऱ्यांदा सांगितलं आणि मनकर्णा तिसऱ्यांदा जागची हलली नाही.

सोनईच्या स्टँडसमोर माधुरीचा कॉम्प्युटर क्लास होता. तीन कॉम्प्युटर, एक पंखा आणि दारावर तिने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी: 'इंटरनेटची सोय आहे'. सोय म्हणजे फोनच्या तारेला जोडलेला एक डबा. तो नगरला फोन लावायचा, थोडा वेळ किंचाळायचा आणि लागलाच तर माधुरी जगात कुठेही पत्र धाडू शकायची. १९९९ साल होतं. निम्म्या गावाला पाटीवरचा तो शब्द एखाद्या नव्या खताचं नाव वाटत होता, आणि मनकर्णा परवापर्यंत त्याच निम्म्यात होती.

परवा तिच्या लेकीचं, रुपालीचं, पत्र त्या डब्यातून आलं. माधुरीने कागदावर छापून दिलं. 'आई, इटलीत सुखरूप पोचले. शनिवारी दुपारी माझी पाच हजार मीटरची शर्यत आहे. झाली की तासाभरात तिचा सिनेमा स्पर्धावाले इंटरनेटवर ठेवणार आहेत. माधुरीताईकडे बघता येईल.' मनकर्णाने तो कागद घडी करून पोलक्यात ठेवला होता आणि दिवसातून चारदा कुणा ना कुणाकडून वाचून घेत होती.

एकोणीस वर्षांच्या पोरीची एकही शर्यत आईने पाहिलेली नव्हती, हे ऐकून कुणी नावं ठेवील तर खुशाल ठेवावीत. नगरला शर्यत असली की इकडे कांद्याची लागवड निघायची, पुण्याला असली की गाय व्यायची. मनकर्णाच्या वाट्याला यायचे ते मातीने भरलेले बूट आणि एखादा कप. तो ती देवळीत समईशेजारी मांडून ठेवायची. पोर पाटाच्या चारीच्या कडेच्या मुरमाड रस्त्यावर पहाटे पळते एवढं तिला ठाऊक होतं, पण त्या वेळी ती स्वतः गोठ्यात असायची.

आणि या खेपेला गोष्ट नुसत्या हौसेची नव्हती. रुपालीचे वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द काकासाहेबांचा, म्हणजे तिच्या थोरल्या चुलत्यांचा होता. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या मते मुलीने पळायचं ते पाऊस आला की वाळवण उचलायला. त्यांनी कोल्हारचं एक स्थळ बघून ठेवलं होतं, मुलगा साखर कारखान्यात होता आणि दसऱ्याच्या आत होकार कळवायचा होता. लग्न झालं की पळणं बंद, हे त्या लोकांनी आधीच सांगितलं होतं. त्यावरून घरात कडाक्याचं भांडण झालं आणि रागाच्या भरात मनकर्णा चार लोकांसमोर बोलून गेली, "शनिवारी पोरगी पळनार हाय. मी माझ्या डोळ्यानं बघनार. तुमीबी या भावजी. शर्यत संपली की मग तुमी म्हनाल तसं."

काकासाहेबांनी तिथल्या तिथे चौघांना साक्षी ठेवलं. दिल्या शब्दाला जागणारे म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं आणि दुसऱ्याचाही शब्द ते तसाच धरून बसत.

"का जमनार न्हाई, ते सांग," मनकर्णा म्हणाली.

"काकू, हलतं चित्र बघायला स्पीड लागतं. अठ्ठावीस तरी पाहिजे. आपल्याकडं चौदा मिळालं तरी मी पेढे वाटते. परवा तर नऊवर आलं होतं. पत्राचं ठीक आहे, ते थेंब थेंब आलं तरी चालतं. चित्र तसं येत नाही."

"मग दोष कुनाचा? तुझ्या डब्याचा?"

"डब्याचा नाही, माझा नाही आणि तुमचाही नाही. सगळ्या देशालाच तेवढं आहे. अख्ख्या देशातून बाहेर जायला जेवढी वाट आहे ना, तेवढी तिकडं एकेका कॉलेजला असते, असं मी मासिकात वाचलं. त्यातून मुंबईवाले घेणार, मग पुणं, मग नगर. उरलं तर आपण."

मनकर्णाने हे ऐकून घेतलं. मग ती हसली, आणि त्या हसण्यात आनंद कमी आणि राग जास्त होता.

"म्हंजी आपन टेलला हाय," ती म्हणाली.

टेल म्हणजे काय हे सोनईत कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. मुळा धरणाच्या पाटाचं पाणी चारीला सुटतं तेव्हा वरच्या अंगाची उसाची रानं तुडुंब भरतात आणि शेवटच्या टोकाच्या रानाला ओल दिसते, पाणी दिसत नाही. मनकर्णाचं रान अगदी टोकाला होतं. कागदावर पाण्याची पाळी तिचीही होती, पण कागदावर कांदा येत नाही. नवरा गेला त्या वर्षी पीक उभं जळालं. दुसऱ्या वर्षी तिने युक्ती काढली. ती खुरपणीच्या टोळीची मुकादम होती, चाळीस बायका तिच्या शब्दावर उठायच्या. पाळीच्या दिवशी तिने चारीतून वरच्या रानांत पाणी सोडणाऱ्या प्रत्येक दारावर एक बाई बसवली. दार बंद, वर बाई. उठवायची कुणाची हिंमत झाली नाही. पाणी टोकापर्यंत आलं आणि गेली बारा वर्षं येत होतं.

"टेलला पानी येत न्हाई असं समदी म्हनत्यात," ती म्हणाली. "येत न्हाई. आनावं लागतं. तुज्या ह्या पान्याला वर दारं किती हायेत ते सांग."

माधुरीने कपाळाला हात लावला, पण मुलगी हुशार होती, विचार करू लागली. गावात दीडशेच्या वर फोन होते. गावाबाहेर जाणाऱ्या लाइनी मात्र आठच. संध्याकाळी त्या आठही भरलेल्या असायच्या. एकदा नगर लागलं तरी मध्येच तुटायचं आणि तुटलं की पुन्हा शिरायला जागा मिळायची नाही. मुंबईच्या पुढचं तर कुणाच्याच हातात नव्हतं. पण गावातली गर्दी हटली तर निदान नगरपर्यंतची वाट मोकळी राहील, असं ती चाचरत म्हणाली.

मनकर्णाला तेवढं पुरे होतं.

दोन दिवस ती गावभर फिरली. दुकानं, पतसंस्था, शाळा, बागायतदारांचे बंगले, जिथे जिथे फोन होता तिथे गेली. "शनिवारी सा ते आठ फोन बंद ठिवायचा. माजी एक बाई हितं बसंल. रुपालीचं पानी यायचंय." काही हसले. काहींनी लगेच मान डोलावली, कारण त्यांच्या घरचं खुरपण तिच्याकडे होतं आणि कांद्यात तण माजलं होतं. आडत्याने "माझा फोन, मी बघीन" असं ऐकवलं, तेव्हा ती त्याच्या पायरीवर जाऊन बसली. गिऱ्हाइकं विचारू लागली, ती सांगू लागली, आणि दुपारपर्यंत आडत्याने हात टेकले. डॉक्टरांचा फोन तिने स्वतःहून सोडला. घरातल्या फोनवर तर तिने खुद्द आपली जाऊ, काकासाहेबांची बायको राहीबाई, हिलाच बसवलं.

शनिवारी सहाला क्लासात उभं राहायला जागा नव्हती. पुढच्या खुर्चीवर काकासाहेब, टोपी गुडघ्यावर ठेवून. गावातली सगळ्यात जास्त वाहणारी चाळीस दारं, प्रत्येकावर एक बाई, आणि बाकीच्या फोनवाल्यांचा नुसता शब्द. माधुरीने कळ दाबली.

डबा किंचाळला नाही. काहीच झालं नाही. तिने फोन कानाला लावला. तो मुका होता. तिने तारा काढल्या, पुसल्या, परत जोडल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मागे कुणीतरी खाकरलं. काकासाहेबांनी टोपी उचलून डोक्यावर ठेवली, आणि मनकर्णाला ते लागलं.

तेवढ्यात लाइनमन सहादू सायकल टाकून आत घुसला. घामाने निथळत होता. "गावातले फोन एकदम उचलले कुनी? एक्स्चेंजला समद्या दिव्यांची दिवाळी झालीय. मशीन अडाकलं."

"उचलून ठिवल्यात," मनकर्णा म्हणाली. "मीच सांगितलंय. बंद ऱ्हायला नगं का? जाग्यावर ठिवला तर वाजंल, मग कुनी बी उचलंल."

सहादूने आधी तिच्याकडे, मग माधुरीकडे पाहिलं. त्याला हसू आवरेना. "वहिनी, फोन उचलला की मशीनला वाटतं ह्याला नंबर फिरवायचाय. ते वाट बघत बसतं. चाळीस जनांनी एकदम उचलले. तुमी दारं बंद न्हाई केली, समदी उघडून ठिवली की."

हशा पिकला. त्यात काकासाहेबही होते. मनकर्णा लाजली नाही. चूक झाली होती आणि ती चूक कुणाची हे विचारत बसायला वेळ नव्हता. तिने पदर खोचला, चपला दारातच राहिल्या, आणि ती पळाली.

सेहेचाळीस वर्षांची बाई भर बाजारपेठेतून अनवाणी पळते आहे, हे सोनईने त्याआधी पाहिलं नव्हतं. "जाग्यावर ठिवा. ठिवून बसा," एवढंच ती प्रत्येक दारात सांगत होती आणि थांबत नव्हती. पतसंस्थेतल्या बाईने ते पुढच्या दुकानात पोचवलं, तिथलीने पुढच्या गल्लीत. आडत्याच्या दुकानापासून शाळेपर्यंत आणि तिथून परत स्टँडवर ती आली तेव्हा धापा टाकत होती, पण थांबलेली नव्हती. क्लासाच्या दारात उभं राहून काकासाहेब सगळं पाहत होते. "पोरीनं पाय कुनाचे घेतले ते कळलं आज," सहादू हळूच म्हणाला. काकासाहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पावणेसातला डबा किंचाळला.

चित्र आलं ते काडेपेटीएवढं. त्यात तांबडी पट्टी आणि तिच्यावर पाच-सहा रंगीत ठिपके. माधुरीने बोट ठेवून दाखवलं, "ही निळ्या बनियनमधली रुपाली." मनकर्णा पडद्याला नाक लावून बसली. ठिपक्याला पाय होते. उजवा हात जरा बाहेर फेकायची सवय होती, बापासारखी. तिला हुंदका आला आणि तिने तो तिथेच गिळला, कारण डोळ्यात पाणी आलं असतं तर दिसलं नसतं.

मग चित्र थांबलं. खाली इंग्रजी अक्षरं आली.

"काय म्हनतंय?"

"थांबा म्हणतंय. हौद भरतोय. भरला की सोडेल."

हौद मिनिटभर भरायचा आणि वीस सेकंद चालायचा. साडेबारा फेऱ्यांची शर्यत, तिकडे सतरा-अठरा मिनिटांची. इकडे चार फेऱ्या व्हायलाच वीस-पंचवीस मिनिटं गेली. दोनदा लाइन तुटली, पण वाट मोकळी होती. माधुरीने लावली की लागत होती, आणि तुटलं तिथून पुढे सुरू करता येत होतं. लोक कंटाळून बाहेर जाऊन चहा पिऊन येत आणि विचारत, "कितवी फेरी?" काकासाहेबही घरी जाऊन येतो म्हणून उठले. सहाव्या फेरीला निळा ठिपका तिसरा होता, एक पाय हवेत, आणि तसाच अडकून बसला होता.

काकासाहेब परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. घरचा फोन जाग्यावर ठेवल्यामुळे तो वाजला होता आणि राहीबाईने उचलला होता. पलीकडे रुपाली होती. क्लासचा फोन लागत नाही म्हणून तिने घरी लावला होता.

"शेवटची आली," ते म्हणाले. "मधी पडली म्हनं. आईला बघू देऊ नगा म्हनली, तिला सहन व्हायचं न्हाई. चल आता घरी."

मनकर्णाने मान वळवली नाही.

"ती तिसरी हाय. बगा की."

"अगं, शर्यत संपून दोन तास झालं."

"तिकडं. हितं न्हाई संपली. हितं माजी लेक पळतीया."

माधुरीने हळूच विचारलं, "काकू, बंद करू?"

"हात लावू नगंस," मनकर्णा म्हणाली, आणि तो आवाज चारीवरचा होता.

आठव्या फेरीला ती पडली. मागच्या मुलीचा पाय तिच्या टाचेवर आला एवढंच कळलं आणि चित्र थांबलं. तांबड्या पट्टीवर निळा ठिपका आडवा. हौद भरत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. एवढा वेळ कुठल्याही आईने आपलं पोर जमिनीवर पडलेलं बघू नये. मनकर्णाने पाहिलं. तिने माधुरीच्या टेबलाची कड धरली होती आणि तिच्या मनात येत होतं की हे यंत्र मेलं, देशाचं स्पीड मेलं, तर ही पोर कायमची अशीच पडून राहील. मागचे काही जण उठून गेले. काकासाहेब मात्र गेले नाहीत.

चित्र हललं तेव्हा रुपाली उभी होती. एक बूट मागे पडला होता. तिने वळून बघितलंही नाही. बाकीच्या अर्धी फेरी पुढे होत्या आणि ती त्यांच्या मागे एका बुटावर पळत होती, उजवा हात बाहेर फेकत. खोलीत कुणीतरी "हां" म्हणालं, एवढंच. माधुरीने डोळे पुसले.

नववी फेरी, दहावी. मनकर्णा आता बोटावर मोजत होती. बाराव्या फेरीला बाकीच्या सगळ्या पोचलेल्या दिसल्या, कुणी गवतावर आडव्या, कुणी पाणी पीत. पट्टीवर एकटी रुपाली. एक माणूस काहीतरी गुंडाळत तिच्या वाटेतून बाजूला झाला. अर्धी फेरी राहिली. चित्र थांबलं.

तेव्हा घड्याळात आठ वाजले होते. दोन तासांचा शब्द संपला होता. चाळीस बायका दारांवरून उठल्या आणि सगळ्यात आधी आडत्याने मुंबईला फोन लावला. पाठोपाठ गावाने. आठच्या आठ लाइनी भरल्या आणि माधुरीचा डबा तुटला तो पुन्हा लागलाच नाही. पडद्यावर शेवटचं चित्र तेवढं राहिलं होतं.

"उद्या लावू काकू," माधुरी थकून म्हणाली.

काकासाहेब उठले. त्यांना बोलायला जड जात होतं, हे दिसत होतं. पण साक्षीदार तिथेच उभे होते. "बघितलंस डोळ्यानं. आता कोल्हारला होकार धाडतो."

"शर्यत संपली का भावजी?"

"आता ते काय विचारनं?"

"शर्यत संपली की तुमी म्हनाल तसं, असं बोलले मी. माज्या डोळ्यानं बघून. अर्दी फेरी ऱ्हायलीय. तुमच्या डोळ्यानं बी ऱ्हायलीय. पडद्याकडं बगा."

काकासाहेबांनी पाहिलं. काडेपेटीएवढ्या चौकटीत त्यांची पुतणी एका बुटावर उभी होती. ते बराच वेळ पाहत राहिले. मग साक्षीदारांकडे वळले, तर साक्षीदारच छताकडे बघू लागले.

"मग उद्या," ते म्हणाले आणि गेले.

रविवारी सकाळी माधुरी धावत रानात आली. मनकर्णा कांद्याच्या वाफ्यात बसली होती. "काकू, चला आत्ताच्या आत्ता. पहाटे लाइन मोकळी होती, शेवटपर्यंत कुठं अडकलं नाही. सगळी शर्यत पाहिली मी. शेवटी ती काय करते माहीत आहे?"

"सांगू नगंस."

"मग चला, डोळ्यांनी बघा."

मनकर्णाचा हात खुरप्यावर थांबला. तिला जायचं होतं. छातीत कळ यावी इतकं जायचं होतं. पोरीने तो शेवट कसा गाठला, हात वर केले की खाली बसली, रडली की हसली, हे बघितल्याशिवाय अन्न गोड लागणार नव्हतं. तिने खुरपं मातीत खुपसलं आणि परत उपसलं.

"नगं," ती म्हणाली. "मी बघितली की संपली."

माधुरीला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती बांधावर बसली. त्या दिवसापासून कुणीही विचारलं की माधुरी सांगायची, "देशाचं स्पीडच तेवढं. मी तरी काय करणार?" काकासाहेब दोनदा स्वतः क्लासात येऊन विचारून गेले. दोनदा त्यांना हेच उत्तर मिळालं आणि त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात दसरा आला आणि गेला. कोल्हारच्या लोकांनी दुसरीकडे जमवलं.

रुपाली परत आली ती गुडघ्यावर खपली घेऊन. पहिल्याच रात्री जेवताना तिने मान खाली घालून विचारलं, "आई, सगळं बघितलंस?"

"न्हाई. अर्दी फेरी ऱ्हायली."

"मग सांगू का काय झालं ते?"

"जेव," मनकर्णा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने गोठा तसाच ठेवला आणि चारीच्या कडेला जाऊन उभी राहिली. अंधुक उजाडलं होतं. पोर लांबून आली, दोन्ही बूट पायात, उजवा हात बाहेर फेकत, आणि मध्ये कुठेही न अडकता आईच्या समोरून निघून गेली. समोरून काकासाहेबांची मोटारसायकल येत होती. रस्ता अरुंद, एका बाजूला चारी. त्यांनी गाडी बांधाला लावली, एक पाय टेकवला आणि पुतणी पुढे जाईपर्यंत थांबले. मग मनकर्णाजवळ येऊन त्यांनी गाडी हळू केली.

"किती ऱ्हायली अजून?" त्यांनी विचारलं.

"अर्दी फेरी, भावजी."

"बरं," ते म्हणाले आणि गाडी पुढे काढली.